दोन वर्षे खो-खो बंद करून क्लास लावावा का?

वाचकाचा प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातून एका आईने पत्र पाठवले आहे. त्यांची मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली. तिला ९१.४० टक्के गुण आहेत आणि त्यांत राज्यस्तरीय शालेय खो-खो स्पर्धेतील यशाबद्दल मिळालेले १५ सवलतीचे गुण धरलेले आहेत. सहावीपासून ती खेळते आहे, या वर्षी जिल्ह्याच्या १८ वर्षांखालील संघातही तिची निवड झाली होती. वडिलांचे म्हणणे असे की आता दोन वर्षे खेळ पूर्ण थांबवून तिला शहरातल्या निवासी क्लासला ठेवावे, अभियांत्रिकीला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला की मग तिने हवे तेवढे खेळावे. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की मुलगी राष्ट्रीय स्पर्धा खेळणार आहे, खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेशही मिळेल आणि नोकरीही, तेव्हा क्लासवर पैसे घालवू नयेत. अमेरिकेत असलेले दीर फोनवर सांगतात की तिकडे विद्यापीठे खेळावरच प्रवेश देतात. क्लासची दोन वर्षांची फी दोन लाख साठ हजार आहे आणि पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा आहे. "तिघांचेही पटते, म्हणूनच गोंधळ होतो. खेळ की अभ्यास, प्रवेशासाठी नेमका कोणता रस्ता धरावा?" असे या ताई विचारतात.

उत्तर :

ताई, तुमच्या घरात तीन मते आहेत असे तुम्ही लिहिले आहे, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला त्या तिन्ही मतांच्या तळाशी एकच समजूत दिसली. खेळ हे प्रवेश मिळवण्याचे साधन आहे, हे मुलीचे वडील, प्रशिक्षक आणि तुमचे दीर या तिघांनीही धरून चालले आहे. वडिलांना ते साधन बेभरवशाचे वाटते, सरांना खात्रीचे वाटते आणि दिरांना ते परदेशात चांगले चालते असे वाटते, एवढाच फरक. ही समजूत बरोबर आहे की चूक, हे भावनेवर ठरण्यासारखे नाही. प्रवेशाचे नियम छापील असतात, म्हणून आधी तेच पाहू. मुलीच्या आवडीविषयी नंतर बोलू, कारण त्याविषयीही मला काही विचारायचे आहे.

खेळाचा प्रवेशाला थेट आणि ठोस उपयोग महाराष्ट्रात जर कुठे होत असेल, तर तो दहावीच्या गुणपत्रिकेत होतो, आणि तो तुमच्या मुलीला होऊन गेला आहे. राज्य मंडळ स्पर्धेच्या स्तरानुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण देते. दहावीचे टक्के उत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर निघतात, म्हणजे तिचे मूळचे ४४२ गुण या १५ गुणांमुळे ४५७ झाले आणि ८८.४० टक्क्यांचे ९१.४० टक्के झाले. अकरावीच्या गुणवत्ता यादीत तीन टक्के ही फार मोठी झेप असते, कारण वरच्या थरात गर्दी भयंकर आहे. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातील २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण होते, आणि अशा निकालांत सवलतीच्या गुणांचाही वाटा असतो. अकरावीच्या प्रवेशात राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंसाठी काही जागाही बाजूला ठेवलेल्या असतात. त्या जागेसाठी अर्ज करताना प्रमाणपत्र त्याच वेळी जोडावे लागते, ते राहून जाऊ देऊ नका.

यापुढचा दरवाजा मात्र वेगळ्या किल्लीने उघडतो. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत नाही, तो एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे आपल्या मागे किती टक्के विद्यार्थी राहिले त्या आकड्यावर, किंवा जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावीलाही खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि गुणपत्रिकेवर ते शोभूनही दिसतात, पण सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये त्यांतला एकही गुण मिसळला जात नाही. बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि संबंधित विषयांत किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के, एवढी पात्रतेची अट पार झाली की गुणपत्रिकेचे काम संपते, आणि तुमच्या मुलीला ही अट पार करण्यासाठी खेळाच्या गुणांची गरज पडणार नाही हे उघड आहे. तेव्हा "कोट्यातून अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल" या सरांच्या वाक्यावर दोन वर्षे उभी करू नका. मी सरांना दोष देत नाही. मैदानावर आयुष्य घालवलेली माणसे खेळाडूंना नोकऱ्या लागताना पाहतात आणि प्रवेशाचेही तसेच असेल असे मानतात. तुम्ही त्यांना एवढेच विचारा की कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या नियमाने आणि कोणत्या पातळीच्या प्रमाणपत्रावर हा प्रवेश मिळेल. या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले तर ते लिहून घ्या. "बघू, होऊन जाईल" असे उत्तर आले तर तेही उत्तरच आहे.

महाराष्ट्राबाहेर चित्र थोडे निराळे आहे. तमिळनाडूत अभियांत्रिकीला खेळाडूंसाठी स्वतंत्र जागा आहेत, पण त्या तिथल्या विद्यार्थ्यांसाठी. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत खेळाडूंसाठी जादा जागा असतात, तिथे सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांबरोबर प्रमाणपत्रे आणि प्रत्यक्ष मैदानी चाचणी यांचे वजन बरेच मोठे असते, आणि ज्या मुलांना कला, वाणिज्य किंवा शुद्ध विज्ञान शिकायचे आहे त्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा उत्तम खेळाडूंसाठी ठेवल्या, त्यांपैकी एक मुलींसाठी. ही बातमी आली तेव्हा अनेक पालकांना वाटले की आता खेळावर आयआयटी मिळणार. परंतु त्या जागेसाठी आयआयटीची प्रवेश परीक्षा असलेल्या जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव असावेच लागते, आणि शिवाय अलीकडच्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले पदक लागते. म्हणजे तिथेही अभ्यासाला सुटी नाही. अशा प्रत्येक ठिकाणी मान्य खेळांची यादी असते. त्या यादीत आपला खेळ आहे का, हे इतर काहीही वाचण्याआधी पाहावे.

दिरांच्या मुद्द्याला मी थोडक्यात उत्तर देते. अमेरिकेत महाविद्यालयांचे प्रशिक्षक आपल्या संघासाठी खेळाडू निवडतात आणि त्या निवडीचा प्रवेशाला उपयोग होतो, हे खरे आहे. पण ते त्या संघांच्या खेळांपुरते, आणि तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या खेळांत खो-खो नाही. तिथल्या शाळांत खेळणाऱ्या मुलांपैकीसुद्धा जेमतेम दोन टक्क्यांना महाविद्यालयात खेळाची काही शिष्यवृत्ती मिळते, असे ती संघटनाच सांगते. आयव्ही लीग म्हणून ओळखली जाणारी तिथली नामांकित विद्यापीठे तर क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिकडे राहणारे मराठी पालकही मुलांच्या टेनिसच्या आणि पोहण्याच्या शिकवणीवर वर्षानुवर्षे पैसा ओततात आणि शेवटी बहुतेकांचा प्रवेश वर्गातल्या गुणांवरच होतो, याचा अनुभव दिरांच्या परिचयातही असेल.

आता सरांचे जे बरोबर आहे ते सांगते, कारण त्यात तथ्य आहे आणि मुलीच्या वडिलांनी ते शांतपणे ऐकायला हवे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना ५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजले जाणारे, आरक्षण आहे. रेल्वे खेळाडूंची वेगळी भरती करते, आणि भारतीय विमान प्राधिकरणासारख्या संस्थांचे खो-खो संघ आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. त्यामुळे गावोगावच्या मैदानांवर जो उत्साह आला आहे तो मी समजू शकते. परंतु यांतल्या चांगल्या पदांच्या वाटा बहुधा पदवीच्या नंतरच्या किंवा पदवीच्या बरोबरीच्या आहेत. शासकीय पदासाठी खेळाडूलाही शैक्षणिक पात्रता लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि पद जितके वरचे तितके प्रावीण्य वरच्या पातळीचे लागते. म्हणजे ज्या नोकरीचे नाव घेऊन सर "क्लासची गरज नाही" म्हणतात, ती नोकरीच, पद वरचे असेल तर, उद्या तिच्याकडे पदवी मागेल.

वडिलांच्या म्हणण्यातही एक समजूत दडलेली आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. "दोन वर्षे थांबू दे, मग हवे तेवढे खेळू दे" हे वाक्य ऐकायला अगदी रास्त वाटते. पण खो-खोतली संरक्षक खेळाडू काय करते ते जरा जवळून पाहा. तिघींच्या तुकडीतून ती मैदानात येते. बसलेल्या आठ जणींमधून एकेरी साखळीने वळणे घेत ती पळते, मागच्या आक्रमक खेळाडूला खो द्यायला भाग पाडते, कोणती बसलेली मुलगी उठणार हे खांद्याच्या हालचालीवरून ओळखते आणि खांबाजवळ सूर येणार असेल तर तो येण्याआधी दिशा बदलते. एवढे करून ती दोन मिनिटे टिकली तर उत्तम खेळली असे म्हणतात. वर्तमानपत्रात तिच्या नावापुढे कंसात १.५० मिनिटे असा आकडा छापून येतो आणि ज्याला खेळ कळतो त्याला त्या आकड्यामागची मेहनत कळते. हे कौशल्य सोळा ते अठरा या वयात पक्के होते. ते दोन वर्षे कपाटात ठेवून पुन्हा बाहेर काढता येत नाही, कारण मधल्या काळात वजन, वेग, श्वास आणि अंदाज हे सगळेच बदलते, आणि संघातली जागा तर कोणी राखून ठेवतच नाही. १८ वर्षांखालील गट तिच्यासाठी एकदाच येणार आहे.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे, जी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मुलगा दोन वर्षांनी मैदानावर परतण्याची निदान शक्यता असते. मुलगी सोळाव्या वर्षी मैदानातून बाहेर आली की पुढे वसतिगृह, मग महाविद्यालयाचे वेळापत्रक, मग "आता काय खेळायचे वय आहे का" अशी एकेक कारणे जमत जातात. "तात्पुरते बंद" या शब्दांचा अर्थ बहुतेक घरांत "कायमचे बंद" असाच होतो, फक्त तसे कोणी म्हणत नाही. तुम्ही खेळ थांबवायचा निर्णय घेतलात तर मला त्यात काही गैर वाटणार नाही, पण तो कायमचा आहे हे ओळखून घ्यावा आणि मुलीलाही तसे स्पष्ट सांगावे.

दुसरे असे की थांबलेल्या खेळाचे तास आपोआप अभ्यासाचे तास होत नाहीत. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मैदानावर असणारी मुलगी ते दोन तास खोलीत बसली म्हणजे ते दोन्ही तास पुस्तकात जातील, असे धरून चालणे धाडसाचे आहे. हातात फोन असलेल्या घरात तर फारच. नियमित सराव करणाऱ्या मुलांना वेळेची शिस्त लागते, झोप चांगली लागते आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्याची सवय होते. निवासी क्लासच्या चाचण्यांमध्ये दर आठवड्याला क्रमांक लागतो आणि तो बहुतेकांचा खालीच असतो, तिथे ही सवय मोलाची ठरते.

वडिलांची भीती मात्र निराधार नाही, आणि तिलाही जागा दिली पाहिजे. एकदम थांबून दिशा बदलण्याच्या खेळांत गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होण्याचा धोका असतो आणि किशोरवयीन मुलींमध्ये तो मुलांपेक्षा अधिक असतो. एका गुडघ्यावर सगळे भवितव्य टेकवणे कोणत्याही पालकाला नको वाटेल. खो-खोची व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली खरी, पण तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. म्हणजे खेळातून थेट उपजीविका होईल अशी बाजारपेठ मुलींसाठी अजून उभी राहायची आहे.

अशा वादात दोन्ही बाजू थोरामोठ्यांची नावे घेतात. खेळाच्या बाजूने कोणी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे नाव घेतो, ज्याने राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे येऊन, रेल्वेची नोकरी सांभाळत २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. अभ्यासाच्या बाजूने कोणी अनिल कुंबळे, जवागल श्रीनाथ आणि रविचंद्रन अश्विन हे तिघेही अभियंते झाले याची आठवण करून देतो. ही उदाहरणे खरी आहेत आणि तुमच्या निर्णयाला त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण शिखरावर पोचलेल्यांकडे पाहून पायथ्याशी उभ्या असलेल्यांचे काय होते ते कळत नाही. त्यापेक्षा सरांकडून पाच-सात वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या संघात असलेल्या पाच मुलींची माहिती घ्या. त्या आज काय करतात, किती शिकल्या, खेळ कधी सुटला, नोकरी लागली असल्यास कशाच्या जोरावर लागली, हे विचारा आणि जमल्यास दोघींशी प्रत्यक्ष बोला. जिल्ह्याच्या संघातून पुढे नेमके काय होते याची इतकी खात्रीची माहिती तुम्हाला कोणताही जाहिरातीचा फलक देणार नाही, आणि मीही देऊ शकणार नाही.

क्लासच्या बाबतीतही असाच नेमका प्रश्न वडिलांना विचारायला हवा. "चांगले महाविद्यालय" म्हणजे कोणते? आयआयटी डोळ्यांसमोर असेल, तर देशभरातून १४ लाखांहून अधिक मुले जेईई मेन ही पहिल्या पायरीची परीक्षा देतात आणि सर्व आयआयटींच्या मिळून जागा सुमारे १८ हजार आहेत, हे आकडे समोर ठेवून बोलावे. त्या परीक्षेला खरोखरच दोन वर्षांची एकाग्र तयारी लागते आणि मुलीला स्वतःला ती करायची असेल तर खेळाला मोठी कात्री लागेल, हे मी लपवणार नाही. पण पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय किंवा सांगलीचे वालचंद महाविद्यालय हे लक्ष्य असेल, तर तिथला मुख्य रस्ता एमएचटी-सीईटीचा आहे आणि त्या परीक्षेचा स्वभाव वेगळा आहे. तिचे प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतात, साधारण २० टक्के अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नाला एक, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इथे वेग आणि भरपूर सराव लागतो, आणि त्यासाठी मुलीला घर आणि मैदान दोन्ही सोडून शहरात नेऊन ठेवायलाच हवे असे नाही. राज्यात अभियांत्रिकीच्या दीड लाखाहून अधिक जागा आहेत. प्रवेश मिळतोच, चुरस असते ती मोजक्या महाविद्यालयांसाठी आणि मोजक्या शाखांसाठी. ती चुरस करायची आहे का, आणि कशासाठी, हे मुलीला ठाऊक असले पाहिजे.

यावरून मला जी वाट योग्य वाटते ती अशी. तिला घराजवळच्या, मैदान असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला घालावे आणि प्रवेश घेण्याआधी तिथल्या क्रीडा शिक्षकांना भेटावे. कागदावर प्रवेश आणि प्रत्यक्षात दिवसभर क्लास, अशी सोय करून देणारी महाविद्यालये टाळावीत, कारण खेळाडू म्हणून स्पर्धेला जायचे तर महाविद्यालयाचे पत्र, हजेरीची सवलत आणि संघाची नोंदणी लागते, आणि ज्या महाविद्यालयात मुलगी कोणाला माहीतच नाही तिथून यातले काहीच मिळत नाही. हजेरीची ७५ टक्क्यांची अटही आहेच. सीईटीकेंद्रित क्लास तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी सकाळच्या वेळेचा मिळाला तर तो घ्यावा.

अकरावीचे वर्ष पूर्ण खेळावे. १९ वर्षांखालील शालेय स्पर्धेचा गट अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षी खुला असतो, आणि १८ वर्षांखालील राज्य अजिंक्यपद स्पर्धेत चमकायची संधी आताच आहे. अकरावीच्या ऑक्टोबरात मात्र एकदा शांतपणे बसून अभ्यासाचा आढावा घ्यावा. तिन्ही विषयांचे झालेले धडे सीईटीच्या धर्तीच्या प्रश्नांवर तपासावेत आणि किती सुटले ते लिहून ठेवावे. हा आढावा स्पर्धा हरल्यावर किंवा चाचणीत कमी गुण पडल्यावर घेऊ नये, ठरलेल्या दिवशी घ्यावा, नाहीतर त्याचे भांडण होते.

बारावीचे गणित तारखांचे आहे. पावसाळा ओसरू लागला की तालुका आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होतात, राज्य आणि राष्ट्रीय पातळी हिवाळ्यात येते. त्याच काळात जानेवारीत जेईई मेनचे पहिले सत्र, फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आणि पुढे एप्रिल-मेमध्ये सीईटी. म्हणजे डिसेंबरपासून मेपर्यंत टक्कर अटळ आहे. म्हणून बारावीच्या जूनमध्येच सरांबरोबर बसून कोणत्या स्पर्धा खेळायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे ठरवावे. जिल्हा आणि विभाग खेळावे, राज्य संघात निवड झाली तर शिबिराच्या तारखा पाहून निर्णय घ्यावा, आणि डिसेंबरनंतर स्पर्धा नसली तरी आठवड्यातून तीन दिवस तासभर धावणे आणि पायांचे व्यायाम चालू ठेवावेत, म्हणजे मे महिन्यात मैदानावर परतताना गुडघा दुखावणार नाही. सहा महिन्यांची अशी विश्रांती खेळाडूला पेलते. सीबीएसईच्या शाळांत शिकणाऱ्या खेळाडूंच्या पालकांनी हेही लक्षात ठेवावे की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे दहावी-बारावीचा पेपर चुकला तर ते मंडळ नंतर वेगळी परीक्षा घेते, मात्र त्यासाठी शाळेमार्फत वेळेवर अर्ज करावा लागतो.

प्रमाणपत्रांविषयी दोन शब्द, कारण यात फार नुकसान होताना दिसते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. शासकीय नोकरीच्या अर्जाआधी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्र तपासून घ्यावे लागते, आणि मान्यता नसलेल्या संघटनेने भरवलेल्या "राष्ट्रीय" स्पर्धेचा कागद तिथे टिकत नाही, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत. पैसे भरून परगावी खेळायला नेणाऱ्या अशा स्पर्धा सुट्यांमध्ये फार निघतात. मुलीची प्रत्येक स्पर्धा कोणत्या संघटनेची होती, तिचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का, संघाची यादी आणि निकालपत्र जपून ठेवले आहे का, हे आत्ताच पाहा. तिला पंचविसाव्या वर्षी लागणारा कागद कोणत्या वर्षी कुठे हरवला हे नंतर सापडत नाही.

आता तो राहिलेला प्रश्न. तुमच्या चार पानांच्या पत्रात वडील काय म्हणाले, सर काय म्हणाले, दीर काय म्हणाले हे सविस्तर आहे, पण मुलगी काय म्हणाली याचे एकही वाक्य नाही. कदाचित तिला विचारले असेल आणि ती गप्प राहिली असेल. या वयात मुली वडील आणि सर यांच्यापैकी कोणाला दुखवायचे या पेचात गप्पच राहतात. तिला सगळ्यांसमोर बसवून विचारू नका. तुम्ही दोघीच असताना विचारा, आणि "खेळायचे की शिकायचे" असे न विचारता वेगळे प्रश्न विचारा. तिला अभियंता व्हायचे आहे का, की गुण चांगले आहेत म्हणून ते ठरले आहे? प्रमाणपत्र, गुण, नोकरी यांतले काहीच मिळणार नसते तरी ती संध्याकाळी मैदानावर गेली असती का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आले तर वडिलांचा निर्णय बिनदिक्कत स्वीकारा, त्यात कोणाचाही पराभव नाही. "हो" असे आले तर प्रवेशाच्या वादातून खेळाला आधी बाहेर काढा. मग त्याला दिवसाचे किती तास द्यायचे, एवढाच हिशेब उरतो आणि तो कोणत्याही घराला जमण्यासारखा आहे. ती विज्ञानाऐवजी वाणिज्य, क्रीडाविज्ञान किंवा शारीरिक शिक्षण असे काही बोलली तर लगेच चेहरा पाडू नका. त्या अभ्यासक्रमांचीही माहिती तिच्यासोबत बसून काढा.

आणि पंधरा दिवसांच्या मुदतीने घाई करू नका. ती मुदत क्लासची आहे, अकरावीच्या प्रवेशाची नव्हे. फी भरायचीच झाली तर हप्त्यांनीच भरा, दोन वर्षांची एकरकमी भरू नका, मधेच क्लास सोडल्यास किती रक्कम परत मिळेल हे लेखी घ्या आणि पावतीवर क्लासचे नाव, तारीख आणि शिक्का आहे ना ते तिथेच उभे राहून पाहा.